चोक ओढण्याआधी

लोहाओळीत आमचं दुकान म्हणजे
दोन मोठ्या दुकानांमधली फट.
डावीकडे नटबोल्ट किलोवर, उजवीकडे साखळ्या,
मध्ये मी, मामाच्या स्टुलावर,
मागे छतापर्यंत खोकी.
ड्रिल अकराशेचं. ड्रिल साडेसात हजाराचं.
दोन्ही लाल.
दोन्ही भोक पाडतात.

ताई, कोणतं घेऊ?
पूर्वी माझं बोट महागाकडे जायचं, नफा तिकडे होता.
आता बोट मांडीवर ठेवते आणि विचारते,
वर्षातून किती दिवस?

नरेंद्रनगरचे एक मास्तर म्हणाले,
पडद्याचे दांडे लावायचेत. आठ भोकं.
मग हेच न्या, म्हटलं, अकराशेचं.
आठ भोकांनंतर ते माळ्यावर जाणार
आणि माळ्यावर सगळी ड्रिलं सारखीच.
मास्तर हसले. पाचशेची नोट उजेडात धरून
पुन्हा खिशात ठेवली, दुसरी दिली.

पण होळी झाली की कूलरवाले येतात,
ओळीत पत्र्याचा कर्कश आवाज भरतो, खसचे भारे उतरतात.
पाचपावलीच्या गेंदलाल निमजेने
माझ्याकडूनच स्वस्तातला ग्राइंडर नेला होता.
सतरा दिवसांनी परत आणला,
आतल्या तारा जळून गुळाच्या काकवीसारख्या काळ्या.
मी बोलणी खायला तयार बसले.
त्याने माठातलं पाणी घेतलं, सावकाश प्यायला.
"वसूल झाला, बाई.
सतरा दिवसांत जळला, म्हणजे माहा धंदा चालते.
आता चांगला दे."

मामाच्या जुन्या वहीत, उधारीच्या पानामागे,
मी हे लिहून ठेवलं.
बरीच वर्षं मला वाटायचं, एवढं पुरे.

मग इंजिन.
रोषणाईवाला देवचंद, लग्नसराईच्या तोंडावर आला.
हातगाडीवर मावेल असा जनरेटर हवा होता, हलका, पेट्रोलवरचा.
मी विचारलं, किती दिवस?
म्हणाला, तीस-बत्तीस वराती, बस.
हिशोब केला. स्वस्तातला दिला.
दोरी ओढून दाखवली, तिसऱ्या झटक्याला लागला,
धूर थोडा निळा होता.
नवीन आहे, म्हटलं, बसेल.

गांधीबागेच्या वळणावर बसला तो.
बँड वाजत होता, नवरदेव घोडीवर,
आणि डोक्यावर झुंबरं घेतलेल्या चौदा बायका
एकदम काळ्या.
तारेने एकमेकींना बांधलेल्या,
ना पुढे जाता येईना, ना ओझं उतरवता.
चाळीस मिनिटं.
देवचंद दोरी ओढत राहिला, तळहात सोलला.
नवरदेवाच्या बापाने पैसे कापले.
देवचंदने बायकांचे कापले.
हे त्यानेच सांगितलं, दुसऱ्या दिवशी, मान वर न करता.
"तुह्यावर राग नाही, ताई. स्वस्त म्यांच मांगतलं."

स्वस्त त्याने मागितलं, विकलं मी.
किंमत चुकवली ती
रेखाने, बेबीने, सुगंधाच्या पोरीने.
मला एवढीच तीन नावं कळली. अकरा नाहीच.

तेव्हापासून दुसरा प्रश्न विचारते.
बंद पडलं तर कोण थांबेल?
तुमचाच रविवार थांबणार असेल तर बिनधास्त न्या,
खोलून बघा, बिघडवा, शिका.
पण पगारावरचं माणूस थांबणार असेल,
तर आज परत जा, महिनाभर भाड्याने चालवा,
नाहीतर जुनं घ्या, ज्याचा वॉशर
याच ओळीत मिळतो, ज्याचं पोट
इथल्या कुठल्याही पोराने खोललेलं आहे.

काही जण ऐकतात. काही चार दुकानं पुढे जाऊन
तेच इंजिन घेऊन माझ्यासमोरून नेतात, नजर चुकवून.
मी पण नजर चुकवते. दोनशे रुपये स्वस्त मिळालं असेल.

देवचंदचं इंजिन मी परत घेतलं.
स्टुलाखाली आहे.
दसऱ्याला हत्यारांसोबत त्यालाही हळदकुंकू लावते,
झेंडूचं एक फूल, टाकीच्या झाकणावर.
मग शटर अर्धं ओढून, चोक देऊन, दोरी ओढते.
तिसऱ्या झटक्याला लागतं.
दुकानात कुणी नसतं, काही अडलेलं नसतं.
छान चालतं.